दोन बोटांनी बसलेला बोल्ट

टक.

एवढंच. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरून तिच्या बाजूचं पुढचं चाक खाली उतरलं आणि उतरता उतरता कुठेतरी लोखंडाच्या पोटात टक झालं. आवाज म्हणावा तर धड आवाजही नव्हे. शेजारच्या खोलीत दार लावून घेऊन कुणी चमचा खाली ठेवावा, तसं काहीतरी. कानांनी ऐकलं की बुडाखालच्या सीटनं कळवलं, हेही तिला सांगता आलं नसतं. शेजारी बाबा स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून ताठ बसले होते आणि सायकल पहिल्यांदा तोल सांभाळून चालली की पोरांच्या चेहऱ्यावर असतो तसा जरा घाबरट, जरा माजोरी आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. गाडीला अजून नंबर नव्हता, छप्पर नव्हतं, रंगसुद्धा एकाच अंगाला लागला होता. पण ती चालत होती. इतकी वर्षं गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर बसून राहिलेली, खोक्यांतून सुटी सुटी आलेली, त्या दोघांनी स्क्रू न् स्क्रू जोडून उभी केलेली ती गाडी स्वतःच्या चाकांवर गल्लीतून चालली होती आणि लोक गॅलऱ्यांतून बघत होते. आईसुद्धा बघत होती, जिनं गाडीचा विषय निघाला की पदार्थात मीठ जास्त टाकण्याचा नेम धरला होता. अशा वेळी कुणी तोंड उघडतं का? पण ती उघडून बसली.

"बाबा, वाजलं."

"काय?"

"वाजलं काहीतरी. पुढं. माझ्या बाजूला."

"इंजिन वाजतंय," बाबा ओरडून म्हणाले. "वाजायलाच हवं. वाजलं नाही तर तुला ढकलावं लागेल!"

"इंजिन नाही हो. चाकापाशी. टक करून."

बाबांनी तिच्याकडं न बघता आरसा सारखा केला. "भास," ते म्हणाले. "खुट्टूबाई, आजचा दिवस तरी नको."

खुट्टू. चाळिशी ओलांडलेल्या, एका इस्पितळात मानानं नोकरी करणाऱ्या बाईला कुणी या नावानं हाक मारावी हे काही शोभणारं नव्हतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. घरात कुठं खुट्ट झालं की ही जागी, म्हणून खुट्टू. लहानपणी तिला नळाचं ठिबकणं दोन खोल्या ओलांडून ऐकू यायचं. कपाटाचं दार अर्धवट मिटलं असेल तर ते रात्रभर कुरबुरत राहायचं आणि ती उठून ते नीट लावून यायची. वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप एकदा वेगळाच वाजतोय असं ती सांगत राहिली, आणि बाबा, जे यंत्रांचे नकाशे काढायच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांनी पंपावर हात ठेवून, कान लावून, अँपिअर मोजून तिला सांगितलं की पंप उत्तम आहे. पुढच्या आठवड्यात पंप जळाला. त्यावर घरात बरीच चर्चा झाली, विजेच्या दाबाला शिव्या बसल्या, पण खुट्टूनं आधी सांगितलं होतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिचं बरोबर निघालं तर ते कुणाला आठवायचं नाही, आणि चुकलं तर मात्र ते वर्षभर पुरायचं. मांजराला चोर समजून तिनं सगळी इमारत उठवली होती, ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगितली जाते. ती स्वतःही सांगते, हावभावांसकट. हसण्यावारी नेलं की बोचत नाही असं तिला वाटायचं, आणि पुष्कळदा बोचायचंही नाही.

पण एकदा बोचलं होतं, आणि ते अजून आत होतं. लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. मुलगा चांगला, बोलायला गोड, घरात येताच पाच मिनिटांत सगळ्यांना आपलासा वाटलेला. कुठे काही घासलं नाही, अडलं नाही. आणि तिला मात्र त्याच्या एकेका वाक्याच्या शेवटी काहीतरी पोकळ वाजलेलं ऐकू यायचं. काय ते सांगता येईना. आईला म्हणाली, तर आई म्हणाली, अगं, लग्नाआधी सगळ्यांनाच असं होतं. बाबा म्हणाले, जे दाखवता येत नाही ते नसतं. हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि कागदावर यंत्रं काढणाऱ्या माणसाला ते शोभूनही दिसायचं. तेव्हा तिनं आपल्याच कानांवर हात ठेवला. लग्न झालं, काही वर्षं रेटलं, मग मोडलं. का मोडलं ते सगळ्यांना दाखवता येण्याजोगं झालं तेव्हा मोडलं. ती परत या घरात राहायला आली त्या संध्याकाळी बाबा तिला थेट गॅरेजात घेऊन गेले. तिथं खोकी येऊन पडलेली होती. त्यांनी तिच्या हातात पाना दिला आणि म्हणाले, जरा हे धर. तेव्हापासून ती धरत आली होती. त्या गॅरेजात तिला झोपेसारखं बरं वाटायचं. बाबांनी तिची माफी मागितली ती तशी, पाना देऊन, असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि तेवढं तिला बरीच वर्षं पुरलं होतं.

तर आता हे टक. घरी आल्यावर बाबांनी पुढची चाकं उचलून ठोकळ्यांवर घेतली, कारण माणूस चोख होता. मुलीचं खरं मानत नसला तरी ती बोलली म्हणजे तपासणार. चाक वरखाली धरून हलवलं. ठरलेल्या जोराला कट् करून सांगणारा पाना एकेका नटाला लावला. कट्, कट्, कट्. त्यांची एक पद्धत होती: नट पुरता कसून झाला की नटावरून शेजारच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची एकच रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. त्यांनी टॉर्च मारला आणि तिला वाकून बघायला लावलं. सगळ्या रेघा अखंड होत्या.

"दाखव," बाबा म्हणाले. "कुठं वाजतंय ते दाखव."

ती दाखवू शकली नाही.

"परवा नंबरासाठी तपासणीला न्यायचीय," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "तो तपासनीस गाडी स्वतः पळवून बघतो. पूर्ण वेगात नेऊन करकचून ब्रेक मारतो. तेव्हा मला तुझी शंका नकोय खुट्टू, मला तुझी मदत हवीय."

"मीच बसणार आहे ना तुमच्या शेजारी, तिथवर जाताना," ती म्हणाली. "म्हणून विचारतेय."

जेवताना टीव्ही लागला. बातम्या सांगणारी बाई इतक्या जोरात बातम्या सांगत होती की वरच्या मजल्यावरच्यांनी वेगळा टीव्ही घ्यायची गरजच उरली नव्हती. आईनं आवाज कमी केला. बाबांनी वाढवला. आईनं मुलीकडं बघून भुवया उडवल्या. हे बरेच दिवस चाललं होतं आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं घरात न ठरवता ठरलं होतं. ती तर दिवसभर लोकांचे कान तपासायचंच काम करायची; एकदा तिनं बाबांना हसत हसत म्हटलं होतं, या की एकदा माझ्या पेटीत बसायला. त्यावर त्यांनी, माझ्या कानांना काय धाड भरलीय, असं म्हणून दोन दिवस अबोला धरला होता. आता घास चावता चावता तिला वाटलं, त्यांना ते टक ऐकूच आलं नसेल. इतका साधा विचार आधी सुचला नाही याचंच तिला नवल वाटलं. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, जरा गार हाताचा: किंवा ते झालंच नसेल.

कारण तिच्या कामात हे रोज दिसायचं. आवाज शिरू न देणारी एक बंद खोली, तिला सगळे पेटी म्हणायचे. आत माणूस कानांवर हेडफोन लावून बसायचा, हातात बटण. बाहेर काचेपलीकडं ती सूर सोडायची, मोठा, मग बारीक, मग आणखी बारीक. ऐकू आला की बटण दाबायचं. आणि माणसं सूर सोडलेला नसतानाही दाबायची. कुणी भीतीनं, कुणी हौसेनं, कुणी शाळेत मार्क पडतात तशा हिशोबानं. खोटं बोलत नसायची ती. त्यांना खरंच ऐकू आलेलं असायचं. ऐकायला फार टपून बसलेल्या माणसाला शांततासुद्धा वाजते. अशा माणसांकडं बघून ती काचेआड गालात हसायची. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला प्रश्न पडला की आपणही त्यातल्याच तर नाही? मांजर होतंच ना? जन्मभर ज्यानं त्यानं सांगितलं की तुला भास होतात, तर एवढी सगळी माणसं काय उगीच सांगत होती? गाडीचं तर सोडाच, आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही, इथवर गोष्ट आली.

पण खोटं दाबणं ओळखायची एक रीतही तिच्या कामात होती. एकदा दाबलं त्याला किंमत नाही. तोच सूर, तेवढाच बारीक, तीनदा सोडायचा. तीनातून दोनदा माणसानं बरोबर त्याच जागी दाबलं तर ते खरं धरायचं, मग त्याचा चेहरा काहीही म्हणो. सकाळी ती बाबांना म्हणाली, मला तीन फेऱ्या मारून आणा, त्याच गतिरोधकावरून, अगदी सावकाश. बाबांनी आढेवेढे घेतले, आईनं वरून, ऊन डोक्यावर यायच्या आत जा तरी, असं सांगितलं, तेव्हा निघाले. तिनं डोळे मिटले आणि डावा तळवा दाराशेजारच्या लोखंडी नळीवर ठेवला. पहिल्या वेळी टक झालं. दुसऱ्या वेळी काही झालं नाही, तशी तिनं तळवा आणखी घट्ट दाबला. तिसऱ्या वेळी चाक उतरताना टक झालं, स्पष्ट, तळव्यातून थेट कोपरापर्यंत.

"वाजतंय," ती म्हणाली.

"तू ठरवूनच बसलीयस," बाबा म्हणाले. "ठरवून बसलं की वाजतंच."

हे बरोबर होतं, तिच्याच पेटीत शोभावं इतकं. ती डबा घेऊन कामावर गेली.

त्या दिवशी पहिला आला तो क्रेन चालवणारा, मानेला तीन घड्या असलेला धिप्पाड माणूस. कान चांगले असल्याचं पत्र मिळालं तर नोकरी राहणार होती, त्यामुळे तो बटण हातात मिळायच्या आधीच अंगठा हलवत होता. तिनं त्याला आत बसवलं आणि पेटीचं दार लावलं. हे दार जाड, जड, कडेनं रबर लावलेलं. ते नुसतं लोटून कधी लागत नाही. शेवटची बोटभर जागा राहिली की रबर अडतं आणि खांदा लावून रेटावं लागतं. मग फस्स होऊन दार बसतं आणि बाहेरचं जग बंद होतं. रोज ती खांदा लावायची, विचार न करता. आज तिनं खांदा लावला आणि धडपडलीच, कारण दार दोन बोटांनी लागेल इतकं हलकं जाऊन बसलं होतं. खालच्या कडेचं रबर कुणीतरी बदलायला म्हणून काढून नेलं होतं आणि सांगायचं राहिलं होतं. दार लागलेलं दिसत होतं. कडी पडली होती. बाहेरून बघणाऱ्याला सांगून पटलं नसतं की हे दार बंद नाही. आतून क्रेनवाला म्हणाला, "ताई, मला कॉरिडॉरमधला चहावाला ऐकू येतोय, तो धरायचा का?"

ती दाराच्या कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. दोन बोटांनी. हे आधी कधी झालं होतं? नाकात ग्रीसचा वास आला, खरा आला, इस्पितळाच्या त्या फिनेलच्या वासातून वाट काढत. गॅरेज, टॉर्च तिच्या हातात, बाबा जमिनीवर उताणे, आणि ते खुशीत येऊन म्हणतायत, "बघ, याला म्हणतात बसणं!" त्यांच्या बोटांत तो डोळ्या. डोळ्या हे नाव त्या दोघांनीच ठेवलेलं: बोटाएवढा जाड बोल्ट, टोकाला कडं, कड्यात फिरती गोळी. चाक ज्या दोन लोखंडी हातांवर तोललेलं असतं, त्यातल्या वरच्या हाताच्या टोकाच्या नळीत हा डोळ्या फिरवून बसवायचा. पलीकडच्या बाजूचा बसवताना दोघांचा घाम निघाला होता. अर्धा हातानं गेला, मग पाना लावावा लागला, आटे कुरकुरत होते, बाबा तेल सोडत होते. अलीकडचा, तिच्या बाजूचा मूळचा डोळ्या शेगड्याच्या पकडीतून निसटून फरशीवर पडला आणि त्याचे आटे चेचले, म्हणून बाबा बाजारातून दुसरा घेऊन आले. आणि तो दुसरा गेला दोन बोटांनी, गरगर, शेवटपर्यंत, जराही न कुरकुरता. तेव्हा तिला काहीतरी खटकलं होतं. इतकं सुरळीत? पण बाबा इतके खूश होते, आणि सुरळीत बसण्याबद्दल तक्रार कशी करायची असते, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा एक माणूस असाच सुरळीत घरात येऊन बसला होता, तेव्हाही नव्हतं.

"ताई?" आतून क्रेनवाला.

"बाहेर या दादा," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "तुमचे कान झकास आहेत. पेटी बिघडलीय. परवा या, नीट तपासू." दुपारच्या वेळा तिनं पुढं ढकलल्या आणि ती घरी निघाली. रस्त्यानं ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती, आणि मनात एकच घोकत होती, की वाजलं होतं, वाजलं होतं, वाजलं होतं.

घरी बाबा जेवून आडवे झाले होते. आई म्हणाली, "तू आत्ता? बरं नाही का?" ती म्हणाली, "खूप बरं आहे," आणि साडीचा पदर खोचून गॅरेजात शिरली. दुपारचं ऊन शटरच्या फटीतून गाडीच्या नाकावर पडलं होतं. तिनं चाक काढलं. डोळ्या दिसला, त्याच्या मागचा नट दिसला, नटावरची पिवळी रेघ दिसली. ही रेघ मोडायचा अधिकार फक्त बाबांचा. लहानपणी ते घरी नकाशे काढत तेव्हा त्यांच्या टेबलाला धक्का लागला तरी घर चिडीचूप व्हायचं. मग तिनं पाना लावला आणि रेघ मोडली.

नट अगदी घट्ट होता, बाबांची पद्धत काही खोटी नव्हती. पण तो सुटला मात्र, आणि तिनं डोळ्याला धरून हलवलं, तर तो नळीत डुगडुगला, पडायला आलेल्या दातासारखा. तिनं तो फिरवून बाहेर काढला. दोन बोटांनी. आट्यांच्या धारा चेपून चपट्या झाल्या होत्या आणि त्यांच्यावर चांदीसारखा बारीक चुरा चमकत होता. एवढ्या फेऱ्यांतच! तिनं हात पुसले आणि बाबांच्या खणातून आटे मोजायचा कंगवा घेतला, ज्याच्या एकेका पात्याला वेगवेगळ्या अंतराचे दात असतात. इंचाला वीस आटे असलेलं पातं लावलं. चपखल बसलं. तिचा हिरमोड झाला. मूळच्या, फरशीवर पडून चेचलेल्या डोळ्याला लावलं, तिथंही चपखल. म्हणजे दोन्ही सारखे? मग उगीचच, हाताला चाळा म्हणून, तिनं मिलिमीटरच्या कंगव्यातलं सव्वाचं पातं बाजारच्या डोळ्याला लावलं. तेही बसलं! एकाच आट्याला दोन पाती बसत होती, कारण त्या दोन अंतरांत फरक होता तो दाताला न कळणारा. बोल्ट आणताना बाबांनीही हेच पहिलं पातं लावलं असणार, ते बसलं, आणि ज्याचं पहिलंच उत्तर बरोबर येतं तो माणूस दुसरं करून बघत नाही. तिनं व्हर्नियर उचलला आणि जाडी मोजली. बाजारचा: बारा मिलिमीटर. मूळचा: बारा पूर्णांक सात. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा. अंतर सारखं, जाडी वेगळी. चार सुतांच्या नळीत बाराचा बोल्ट नुसता आट्यांच्या टोकांना धरून लटकला होता, आणि त्याच्याबरोबर आलेला नट त्याच्याच मापाचा असल्यामुळे छान घट्ट बसून सगळं ठीक असल्याची ग्वाही देत होता.

तिनं जोरात, अगदी जोरात, हा! असं केलं. गॅरेज घुमलं. असा आवाज आपल्या गळ्यातून निघतो हे तिला माहीत नव्हतं.

"काय झालं?" बाबा दारात उभे होते, बनियनवर, डोळ्यांत झोप. आई त्यांच्या पाठीमागं. ते पुढं आले, मोडलेली पिवळी रेघ त्यांनी बघितली, आणि त्यांचा चेहरा ताठरला. "हे कुणी खोललं?"

"मी."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं," ती म्हणाली. "काल विचारलं, आज सकाळी विचारलं. मोजा." तिनं दोन्ही बोल्ट त्यांच्या हातात ठेवले आणि व्हर्नियर पुढं केला.

बाबांनी मोजलं. चष्मा मागवून परत मोजलं. आधी कंगवा लावला, मग व्हर्नियर, मग बोल्ट नळीत घालून हलवला. तो त्यांच्या बोटांत डुगडुगला. त्यांनी अंगठ्यावरचा चांदीचा चुरा उन्हात धरून बघितला आणि हळूच स्टुलावर बसले. ब्रेक मारला की पुढच्या चाकावर सगळी गाडी येते, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. चाक आडवं पडलं असतं. तिच्या बाजूचं.

"कंगवा बसला होता गं," ते म्हणाले.

"बसतोच तो."

"जाडी मी..." ते थांबले. आयुष्यभर इतरांच्या नकाशांवर जाडी लिहिली नाही म्हणून लाल पेन्सिल मारत आलेला माणूस. "किती सुरळीत गेला होता. मला इतकं बरं वाटलं होतं."

"मला खटकलं होतं तेव्हा. बोलले नाही."

"बोलली असतीस तरी मी काय म्हणालो असतो?"

"भास," दारातून आई म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. पण मग तिघंही हसली, बाबा सगळ्यात उशिरा.

हसून झाल्यावर ते बराच वेळ त्या डोळ्यातली गोळी अंगठ्यानं फिरवत बसले. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "तुला खरंच ऐकू आलं होतं."

"हो."

"तिन्ही वेळा?"

"दोनदा."

"मला एकदाही नाही आलं," बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की ते त्यांना स्वतःला ऐकू आलं असेल की नाही, कोण जाणे. तिला आलं. तिला तर दोन खोल्यांपलीकडूनही आलं असतं. पुढं त्यांनी पंपाचं नाव काढलं नाही, आणि त्या गोड बोलणाऱ्या माणसाचंही नाही. फक्त, "आधीही तू बऱ्याचदा म्हणायचीस," एवढं म्हणाले आणि उठून व्हर्नियर पुसायला लागले. तिला पाना नको होता, हे वाक्य हवं होतं, आणि ते हवं आहे हे तिला आत्ता कळत होतं, ते मिळाल्यावर.

नट-बोल्टच्या दुकानात ती एकटी गेली, मूळचा डोळ्या रुमालात बांधून. दुकानदारानं तो हातात घेऊन, बाराचा देऊ ना बारीक आट्याचा, असं विचारताच ती म्हणाली, "चार सुती, इंचाला वीस. आणि तुमचा व्हर्नियर द्या, मी मोजून घेईन." त्यानं दिला. तिनं जाडी मोजली, मग एक चार सुती नट मागून तो डोळ्यावर फिरवून बघितला आणि मगच पिशवीत टाकला. संध्याकाळी तिनंच तो बसवला. बाबांनी टॉर्च धरला. अर्धा हातानं गेला, मग अडला, मग पाना लावला, आणि आटे एकमेकांत शिरताना असे कुरकुरायला लागले की तिला वाटलं, जगात याहून गोड आवाज नसेल. शेवटचा पाव फेरा तिनं पाय टेकवून मारला. बाबांनी पिवळा रंग उघडला, ब्रश बुडवला, आणि रेघ ओढायला म्हणून वाकले, ते परत सरळ झाले आणि ब्रश तिच्या हातात दिला. तिची रेघ जरा वाकडी आली. त्यांनी चालवून घेतली.

तपासणीच्या सकाळी आई गॅलरीत उभी होती आणि मीठ प्रमाणात पडलेला डबा तिनं खाली पाठवला होता. बाबा गाडीपाशी आले, गाडीला एक चक्कर मारली, आणि स्टीअरिंगच्या बाजूचं दार उघडून ते धरून उभे राहिले. तिला आधी कळलंच नाही.

"बस," बाबा म्हणाले.

"मी?"

"मग काय मी? गाडी ज्याला ऐकू येते त्यानं चालवावी. मी बसतो तुझ्या जागेवर." आणि खरंच पलीकडं जाऊन, त्याच चाकाच्या डोक्यावर, डावा तळवा लोखंडी नळीवर ठेवून बसले. ती ठेवायची तस्साच. तपासणीचं झालं की पुढच्या आठवड्यात तुझ्या त्या पेटीत यायला वेळ आहे का, असं काहीतरी ते बाहेर बघत पुटपुटले, आणि तिनंही ते बाहेर बघतच ऐकून घेतलं. तिनं इंजिन सुरू केलं. ते धडधडून सगळ्या अंगात शिरलं. गल्ली तिच्या बाजूनं मागं सरकायला लागली, गॅलऱ्या, दोऱ्यांवरचे कपडे, हात हलवणारी माणसं. पायाखाली गाडी जिवंत होती आणि तिचा एकेक सांधा तिला कळत होता, कुठला कुरकुरतोय, कुठला गप्प आहे, आणि प्रत्येक कळण्यावर तिचा विश्वास होता. तोंडाशी गतिरोधक आला. तिनं वेग कमी केला, अगदी त्या दिवशीइतका. बाबांच्या बाजूचं पुढचं चाक वर चढलं, माथ्यावर क्षणभर थांबलं, आणि उतरलं.

तिनं ऐकलं. इंजिन होतं, वारा होता, वरून आईचं, सावकाश गं, होतं.

"वाजलं?" बाबांनी विचारलं. ते तिच्या तोंडाकडं बघत होते, ओठांकडं.

"नाही," ती म्हणाली.

पडताळून बघायला त्यांच्यापाशी काही नव्हतं, ना कंगवा, ना व्हर्नियर, ना कान. त्यांनी नळीवरचा तळवा उचलला आणि मांडीवर ठेवून दिला.

"मग थांबलीस कशाला?" बाबा म्हणाले. "दाब की."

आणि तिनं दाबला.